कर्ज रजिस्टरातला ‘दवाखाना’

आमच्या ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाच्या, कर्ज रजिस्टरात ‘कारण’ असा एक रकाना आहे. बाईने कर्ज कशासाठी उचललं ते त्यात एका शब्दात लिहायचं असतं. बियाणं, खत, शेळी, शाळेची फी, घरकुलाचा स्लॅब, लग्न, दवाखाना. मी वर्धा जिल्ह्यात, देवळी तालुक्यातल्या एका गावात ‘उमेद’ची, म्हणजे बचत गटांसाठीच्या राज्य सरकारच्या अभियानाची, प्रेरिका आहे. गटांच्या बैठका लावणं, हिशोब तपासणं, बायांसोबत बँकेत जाणं ही माझी कामं, त्यामुळे हे रजिस्टर सतत माझ्यासमोर असतं. बियाण्याचं कर्ज मृगाच्या आधी निघतं, फीचं शाळा उघडताना. दवाखान्याला ऋतू नाही, आणि सगळ्यात जास्त ओळींत तोच शब्द आहे.

त्यातही एक गोष्ट मला फार दिवस टोचत होती. ज्या घरातल्या माणसाचं ऑपरेशन योजनेतून झालं, ज्याला दवाखान्यात एक रुपया भरावा लागला नाही, त्याच घराच्या नावापुढे ‘दवाखाना’ लिहून पंधरा-वीस हजारांचं कर्ज आहे. ऑपरेशनला पैसा लागला नाही, तर हे कर्ज कशाचं? मग मी एकेका घरी बसून विचारायला लागले. जे कळलं ते लिहून ठेवते, कारण यावर आम्हाला गावात काही उभं करायचं आहे.

आधी योजनेबद्दल. ती नसती तर आमच्यासारख्या गावांचं काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही. २००८ साली देशात राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. दारिद्र्यरेषेखालच्या घराने ३० रुपये भरायचे आणि घरातल्या पाच माणसांना मिळून वर्षाला ३० हजारांपर्यंत भरतीचा खर्च मिळायचा. मग २ जुलै २०१२ ला राज्याची राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, आधी आठ जिल्ह्यांत. विदर्भातले गडचिरोली आणि अमरावती त्यात पहिले. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती सगळ्या राज्यात, म्हणजे आमच्याकडेही पोचली. दर घराला वर्षाला दीड लाख. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळालं, सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, दोन्ही पुढे एकत्र झाल्या. पिवळ्या आणि केशरी कार्डाबरोबर, शेतकरी आत्महत्या जास्त असलेल्या १४ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या कास्तकारांनाही ती लागू केली होती, वर्धा त्यातच. आणि १ जुलै २०२४ पासून कार्डाचा रंग कोणताही असो, घराला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. तेव्हा यादीत १,३५६ उपचार होते.

हे सगळं मी बैठकीत नेहमी सांगते. बायकांना पाठही झालं आहे. पण योजना सुरू कुठे होते आणि संपते कुठे, हे पाठ करून कळत नाही. यादीतला आजार, यादीतला दवाखाना आणि भरती, या तिन्ही गोष्टी जुळल्या की ती सुरू होते. सुट्टी झाल्यावर दहा दिवसांची औषधं आणि पेशंटचं परतीचं एसटीचं भाडं दिलं की बहुतेक आजारांत ती थांबते. माणूस मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून आजारी असतो आणि नंतरही कितीतरी दिवस असतो.

आमच्या वस्तीत एक सालदार आहेत. पन्नाशीच्या आतले. एका मोठ्या कास्तकाराकडे गुढीपाडव्यापासून गुढीपाडव्यापर्यंत सालाने राहायचे. श्रावणात डवरणाच्या वेळी वावरातच छातीत कळ आली. आधी गॅस समजून तालुक्याच्या एका खासगी डॉक्टरकडे गेले, मग दुसऱ्याकडे. रक्त तपासलं, कागदी पट्टी (ईसीजी) काढली, हृदयाची इको केली. दुसऱ्या डॉक्टरने नागपूरला न्या म्हटल्यावर भाड्याची गाडी केली. नागपूरच्या दवाखान्यात आरोग्यमित्राने, म्हणजे योजनेच्या तिथल्या मदतनिसाने, रेशन कार्ड, आधार पाहिलं, ऑनलाइन मंजुरी आली आणि हृदयाची नस उघडी ठेवणारा स्टेंट बसला. आपल्याकडे त्याला स्प्रिंग म्हणतात. खर्च शून्य. पेशंटचं जेवणही दवाखान्याने दिलं. हे ऐकलं की वाटतं, झालं, सुटले.

त्यांच्या घरवालीने गटातून वीस हजार घेतले होते. मी तिच्यासोबत ओसरीवर बसून एकेक रुपया आठवायला लावला. तिला सगळं तोंडपाठ होतं. दोन खासगी डॉक्टरांची फी आणि तपासण्या. नागपूरची गाडी. सोबतच्या दोघांचं बाहेरचं जेवण, चहा, रात्री झोपायला सतरंजी. पोरगा सेंट्रिंगच्या कामावर जात होता, त्याचे बुडालेले दिवस. तिची निंदणाची मजुरी बुडाली ती वेगळीच, आणि निंदणाचेच तर ते दिवस. घरी आल्यावर दर महिन्याची औषधं. त्या वीस हजारांत एकही पैसा ऑपरेशनचा नव्हता. आणि मालकाने, काम थांबवता येत नाही म्हणून, दुसरा सालदार ठेवला. वर्षाची मिळकत तिथेच तुटली.

औषधांचं पुढे जे झालं ते मला सगळ्यात जास्त लागलं. रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या, कोलेस्टेरॉलची एक, बीपीची एक, असा महिन्याचा खर्च तालुक्याच्या मेडिकलमध्ये पंधराशेच्या वर जायचा. निंदणाची मजुरी अडीचशे धरली तर तिच्या सहा दिवसांची कमाई. पोळा झाल्यावर मी घरी गेले तर ती म्हणाली, “ताई, यायची छाती तं आता दुखत नाई. मंग थे महागाची गोळी काहून खायची? बंद केली.”

नेमकी ती गोळी स्टेंटमध्ये रक्ताची गाठ होऊ नये म्हणून असते. डॉक्टर ती कित्येक महिने, बहुतेक वेळा वर्षभर घ्यायला सांगतात, आणि डॉक्टरला न विचारता ती बंद केली तर बसवलेला स्टेंटच बुजू शकतो. सरकारने लाखभर रुपयांचं काम फुकट करून दिलं आणि ते महिन्याच्या एका गोळीसाठी वाया जायची वेळ आली होती. यात ती बाई कुठेही चुकली नाही. घरात जेवढा पैसा येतो तेवढ्यात तेल, मीठ, पोरीची वही आणि गोळी बसवायची होती, आणि दुखणं थांबलं होतं.

मी योजनेच्या १५५३८८ या फुकट नंबरवर फोन लावला. मग त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राशी बोलले. तेव्हा समजलं की काही उपचारांना पाठपुराव्याची जोड आहे. पूर्वीच्या यादीत ९९६ उपचारांसोबत १२१ पाठपुराव्याचे उपचार होते, त्यात हृदयाचेही. म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुन्हा दाखवायला गेलं तर तपासणी आणि औषधं योजनेतूनच मिळतात. सुट्टीच्या कागदावर पुढची तारीख होतीही, पण ती इंग्रजीत आणि औषधांच्या नावांखाली. घरात कोणालाच ते कळलं नव्हतं. ते दोघं नागपूरला गेले, गोळ्या घेऊन आले. मधल्या दिवसांसाठी वर्ध्याच्या जनऔषधी केंद्रातून त्याच औषधांची चिठ्ठी भरली, तिथे खर्च निम्म्याच्याही खाली आला.

तर ज्यांच्या घरात कोणाचं योजनेतून ऑपरेशन झालं असेल त्यांना माझी विनंती आहे, सुट्टी घेताना आरोग्यमित्राला एवढं एक विचारा: “याला पुढचा पाठपुरावा योजनेत आहे का, आणि कधी यायचं?” आणि उत्तर मराठीत लिहून घ्या.

इथे एसटीबद्दलही लिहिलं पाहिजे, कारण तिचा दवाखान्याशी संबंध आहे हे कोणी फारसं बोलत नाही. मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्ध तिकीट आहे. पंच्याहत्तरीच्या वरच्यांना त्याआधीच, ऑगस्ट २०२२ पासून, तिकीट लागत नाही. आमच्या गावात याचा सगळ्यात मोठा फायदा काय झाला असेल तर बाई दवाखान्यात जायला लागली. आधी पेशंट एकटा जायचा किंवा सोबत पुरुषमाणूस. आता नवऱ्यासोबत बायको जाते, सासूसोबत सून जाते, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकून येते आणि घरी गोळ्यांवर लक्ष ठेवते. ही सवलत आरोग्य खात्याची नाही, तरी औषधोपचाराचाच एक भाग होऊन बसली आहे. प्रवास, जेवण, बुडालेली मजुरी, गोळ्या यांना आम्ही बैठकीत ‘वरचा खर्च’ म्हणतो. योजना खालचा मोठा दगड उचलते. घर मोडतं ते या वरच्या खर्चाने.

आणि आजार दरवेळी ऑपरेशनचा असतोच असं नाही. ऑपरेशन वर्षातून एखाद्या घरी. बीपी, शुगर, कंबर, डोळे, पोरांचा ताप, फवारणीनंतरची मळमळ, हे घरोघरी. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या सगळ्या दवाखान्यांत, उपकेंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि औषधं मोफत आहेत. हे फार मोठं काम झालं. बीपी-शुगरच्या गोळ्या गावातच मिळतात तेव्हा लोक त्या खातात. पण साठा संपला की पुढचा येईपर्यंत लोक थांबतात, मेडिकलमधून आणत नाहीत, आणि महिनाभराने बीपी वाढलेलं निघतं. मजूर माणूस संध्याकाळी सातला वावरातून येतो. तेव्हा जो दवाखाना उघडा असतो तिथे तो जातो, आणि तो खासगीच असतो. तिथली सुई, सलाईन, गोळ्या यांना कोणतीच योजना लागू नाही.

विम्याच्या नावाने गावात आणखी एक गैरसमज आहे, तो मला दर मे-जूनमध्ये दिसतो. बँकेच्या पासबुकात २० रुपये आणि ४३६ रुपये कापलेले दिसतात. बाया म्हणतात, “माया विमा हाय न ताई, दवाखान्याचे पैसे भेटन.” २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना अपघातासाठी आहे, मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर. ४३६ रुपयांची जीवन ज्योती कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर वारसाला दोन लाख देते. दोन्ही चांगल्या आहेत, चालू ठेवाव्यात असंच मी सांगते. पण त्यातून टायफॉइडची सलाईन निघत नाही. खासगी कंपनीचा आरोग्य विमा विकणारे एजंट गावात कधीतरी येतात. सप्टेंबर २०२५ पासून अशा वैयक्तिक विम्यावरचा १८ टक्के जीएसटी उठला, तरी एका घराचा वर्षाचा हप्ता मजुराच्या आवाक्यात नाही. शिवाय तोही बहुतेक भरतीचाच असतो, आणि आधीपासून असलेल्या आजारासाठी तीन-तीन वर्षं थांबायला लावतो. आमचा वरचा खर्च त्यातही बसत नाही.

जादाचं कवच सरकारने द्यायचं ठरवलं तर देता येतं, याचं एक उदाहरण घरातच आहे. २९ ऑक्टोबर २०२४ ला सत्तरीच्या वरच्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झालं. उत्पन्न कितीही असो, कार्ड निघतं. आणि ज्यांचं घर आधीच आयुष्मानमध्ये आहे, त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला घराच्या पाच लाखांच्या वर आणखी पाच लाख, फक्त त्याच्या वाट्याचे. म्हणजे सासूच्या ऑपरेशनात सगळी रक्कम संपली आणि सुनेला काही उरलं नाही, असं होऊ नये. माझ्या सासूबाईंचं, मी त्यांना आईच म्हणते, कार्ड काढायला बसलो तर अंगठा काही केल्या लागेना. जन्मभर कापूस वेचून, भांडी घासून बोटांच्या रेषाच झिजल्या आहेत. आमच्याकडे म्हाताऱ्यांची ही अडचण सर्रास आहे. ॲपमध्ये चेहरा दाखवूनही ओळख पटते, तसं करून कार्ड निघालं. ज्यांचं अंगठ्यामुळे अडलं असेल त्यांनी केंद्रावर चेहऱ्याची सोय वापरायला सांगावं.

त्याच दिवशी आईंनी मला ज्वारीची गोष्ट सांगितली.

आईंचं माहेर सेवाग्रामजवळचं. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाला आमच्याकडे नुसतं ‘सेवाग्राम’ म्हणतात. १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी तिथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली, गावाकडचं पहिलं मेडिकल कॉलेज म्हणून. तिथल्या डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या गावांत एक योजना चालवली होती. ज्वारीचं पीक घरात आलं की प्रत्येक घराने ठरलेली ज्वारी गावाच्या कोठीत घालायची. भूमिहीनाने थोडी, वावर जास्त त्याने जास्त. त्या बदल्यात वर्षभर सेवाग्रामला उपचार, अचानक आलेल्या आजारात तर भरतीचाही पैसा नाही. अट अशी की गावातली निदान पाऊण घरं सामील झाली पाहिजेत. थोडक्या घरांचं गाव घ्यायचं नाही. गावातच एक आरोग्यसेवक, साधा ताप-खोकला तो पाहणार, मोठं असेल तर चिठ्ठी देऊन पाठवणार. १९८० च्या दशकात ही योजना तिकडच्या गावांत चालू होती.

आई सांगत होत्या, “आमाले पैसे नाई लागले. टोपल्यात ज्वारी नेऊन टाकली का झालं. पाटलाची पोतं यायची, आमची पायली. पण खाट सारखीच.”

त्यावर मी किती दिवस विचार करत होते. त्या योजनेत तीन गोष्टी अशा होत्या ज्या आजच्या कोणत्याच कार्डात नाहीत. पहिली म्हणजे हप्ता केव्हा घ्यायचा. खळं झाल्यावर, घरात धान्य असताना. आज बँक मे महिन्यात खात्यातून पैसे कापते, तेव्हा कास्तकाराच्या खात्यात बियाण्यालाही पैसा नसतो. दुसरी, ज्याच्याकडे जेवढं त्याने तेवढं द्यायचं, पण आजारी पडल्यावर सगळ्यांना गरजेइतकं. तिसरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: माणूस नाही, गाव सामील करायचं. एकेकट्याला विचारलं तर ज्याच्या घरात दुखणं आहे तोच येतो, धडधाकट म्हणतो मला काय करायचं, आणि असा निधी वर्षभरात संपतो. पाऊण गाव आलं तर धडधाकटाची पायली दुखणाऱ्याच्या कामी येते.

हेही खरं की नुसत्या ज्वारीवर दवाखाना चालत नव्हता. उपचाराचा बहुतेक भार संस्थाच उचलायची, आणि संस्थेला केंद्र व राज्य सरकारचं अनुदान असतं. म्हणजे गरिबाचा विमा सवलतीचाच असावा लागतो. कोणीतरी वरून घातल्याशिवाय तो उभा राहत नाही, हे तेव्हाही माहीत होतं. आज सेवाग्रामला घराचा वार्षिक हप्ता भरून कार्ड काढता येतं आणि ओपीडीत, भरतीत बिलात सवलत मिळते. आमच्या गावातल्या काही घरांकडे ते आहे आणि ओपीडीसाठी त्यांना त्याचा चांगला उपयोग होतो. ज्वारी मात्र वावरातून गेली. आता सगळीकडे कापूस, सोयाबीन आणि तूर.

सरकारला सवलतीचा हप्ता जमत नाही असं कोणी म्हणू नये. २०२३ च्या खरिपापासून पीक विमा एक रुपयात होता, कास्तकाराचा बाकी हप्ता राज्य भरायचं. २०२५ च्या खरिपात ते बंद झालं. आता खरीप पिकाला विम्याच्या रकमेच्या दोन टक्के, कापसासारख्या नगदी पिकाला पाच टक्के कास्तकार भरतो, आणि उरलेला हप्ता आजही केंद्र आणि राज्य मिळूनच भरतात. सोयाबीनच्या झाडाला जर हप्त्यात मदत मिळते, तर ते निंदणाऱ्या बाईच्या बीपीच्या गोळीला का मिळू नये? हा प्रश्न मी तालुक्याच्या बैठकीत उभं राहून विचारला आहे आणि पुढेही विचारत राहणार आहे. भूमिहीन बाईला तर पीक विमाही नाही. तिचं पीक म्हणजे तिचे हातपाय.

म्हणून आम्ही ग्रामसंघात एक निधी उभा करायचं ठरवलं आहे. विमा म्हणून चालवायला परवाना लागतो, तेव्हा नाव ‘दवाखाना मदत निधी’. ऑपरेशनसाठी यातून काही द्यायचं नाही, त्याला फुले-आयुष्मान आहे. द्यायचं ते वरच्या खर्चाला. यादीतल्या दवाखान्यापर्यंत जायचं भाडं. सोबतच्या एका माणसाचं जेवण. सुट्टीनंतर दहा दिवसांपुढची औषधं, आणि पाठपुराव्याला जायचं तिकीट. कमावतं माणूस भरती असेल तर घराला थोडे दिवस मजुरीचा आधार. ग्रामसंघाला ‘उमेद’कडून अडलेल्या घरांसाठी जोखीम निधी मिळतो, आम्ही सगळ्या त्याला व्हीआरएफ म्हणतो. पायाला तो आहे. पण तो परत करायच्या बोलीवर बाईला दिला जातो, म्हणून रजिस्टरात पुन्हा ‘दवाखाना’ लिहिलं जातं. नव्या निधीतलं परत करायचं नाही.

हप्ता दिवाळीच्या सुमारास, सोयाबीन विकलं की. भूमिहीन घराला वर्षाचे २०० रुपये, पाच एकरापर्यंत ४००, त्यावर ६०० असा पहिला विचार आहे. पाऊण घरं आली नाहीत तर सुरूच करायचं नाही, ही सेवाग्रामची अट आम्ही जशीच्या तशी घेतली आहे. आणि जेवढं गाव जमवेल तेवढंच ग्रामपंचायतीने घालावं अशी आमची मागणी आहे. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाचे १० टक्के महिला आणि बालकल्याणावर, १५ टक्के मागासवर्गीयांवर आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. आमच्या निधीत येणाऱ्या घरांत हे तिन्ही आहेत.

बैठकीत यावर जोरदार वाद झाला, आणि झाला ते बरंच झालं. एक काकू म्हणाल्या, “मी वर्षभर आजारीच नाई पडली तं माहे दोनशे वापस भेटन का?” त्यांच्या शेजारची लगेच म्हणाली, “मंग तुमी पडायची वाट पाहाल का?” हशा झाला, पण प्रश्न रास्त होता. दोनशे रुपये म्हणजे जवळजवळ एका दिवसाची मजुरी आहे. मी आईंना बोलायला लावलं. त्या म्हणाल्या, त्यांच्या माहेरी कोणी ज्वारी परत मागितल्याचं त्यांना आठवत नाही, पण गावाची बैठक व्हायची आणि कोठीत किती आली, कोणाच्या कामी आली, ते सगळ्यांसमोर सांगितलं जायचं. काकूंचं त्यावर समाधान झालं. त्यांची अट एवढीच, हिशोब दर महिन्याला चावडीवर लावायचा. ती मान्य झाली.

दुसरा वाद अजून सुटलेला नाही. किडनीचे पेशंट असलेलं एक घर आहे, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात. डायलिसिस मोफत होतं, पण जाणं-येणं आणि सोबतच्या माणसाची मजुरी, हे दर आठवड्याला. काही जणींचं म्हणणं, त्या एका घरातच निधी संपेल. काहींचं, त्या घराला नाही द्यायचं तर निधी काढायचाच कशाला. मी दुसऱ्या बाजूची आहे. पण पहिल्या बाजूच्या बाया कठोर नाहीत, त्यांना आकडा दिसतो आहे. माझं मत असं की अशा कायमच्या आजाराचा प्रवासखर्च गावाच्या डोक्यावर नसावा, तो सरकारने योजनेतच घालावा. परतीचं एक तिकीट देता येतं तर डायलिसिसच्या प्रत्येक फेरीचं का नाही? तोपर्यंत त्या घराला महिन्याला ठरावीक रक्कम द्यायची आणि बाकीच्यासाठी ग्रामपंचायतीकडे वेगळी मागणी करायची, असा मधला मार्ग मी मांडला आहे.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव ठेवायचा आहे. अर्ज आमच्या सचिव ताईंनी लिहिला, सह्या आणि अंगठे गोळा होत आहेत. बोलायला ती सालदाराची घरवाली उभी राहणार आहे. तिने स्वतःहून सांगितलं. वीस हजार कशाकशात गेले ते ती सांगेल, मग आकडे मी. कोणाच्या गावात असा निधी चालू असेल, विशेषतः कायमच्या आजाराच्या घरांचं तुम्ही काय केलंत, ते मला कळवा. ग्रामसभेच्या आधी कळलं तर ठरावात घालता येईल.